वर नको, आडवं

उज्वला उतेकरला लेखिका म्हटलं की तिला राग येतो. लेखिका म्हणजे सभेत पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्या, इस्त्रीच्या साडीतल्या बायका, असं तिचं ठाम मत आहे. तिला पुस्तक वगैरे काही लिहायचं नव्हतं. पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या पोटाशी जेवढ्या वाड्या आहेत, तेवढ्या वाड्यांतल्या पोरांच्या कानावर तिला एकच गोष्ट घालायची होती, आणि ती पुढचा मोठा पाऊस लागायच्या आत. बाकी सगळं त्या गोष्टीपायी तिच्या गळ्यात पडलं.

ती उंबरकोंडची अंगणवाडी सेविका. उंबरकोंड आता नाही. रेशनकार्डावर आहे, मतदारयादीत आहे, पण वर चालत गेलं तर वाडीच्या जागी तांबड्या मातीचा लांबलचक उतार दिसतो. त्यावर गवतही चांगलं वाढलंय. उरलेली माणसं खाली हमरस्त्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, आणि उज्वलाची अंगणवाडीही तिथल्याच एका शेडमध्ये भरते.

उंबरकोंडची माणसं मेली कशी, हे समजायचं तर या भागातली एक रीत ठाऊक हवी. इथे पिढ्यान् पिढ्या भीती पाण्याची. नदी फुगते, ओढे चढतात, खालची भातं जातात, महाडच्या बाजारपेठेत होड्या फिरतात. त्यामुळे पाऊस हाताबाहेर गेला की वाडीतल्या म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी सगळ्यात वरच्या घरात जाऊन बसायचं, सुकं धान्यही तिथेच न्यायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. उंबरकोंडात वरचं घर मालोजीचं. त्याच्या मुलांनी मुंबईत राबून ते स्लॅबचं बांधलं होतं, चांगलं दणकट, डोंगराला पाठ लावून. महाड ज्या पावसात बुडालं त्या पावसात सकाळपासून ओढा गढूळ, नुसता मातकट वाहत होता. माणसं म्हणाली, पाणी चढणार. पोरं वर गेली. पाणी चढलं नाही. दुपारी डोंगरच खाली आला आणि मालोजीचं घर पहिल्या घासाला घेऊन गेला. खालची काही घरं वाचली, बाजूच्या माळाला लागून होती ती. उज्वलाचं त्यांतलंच एक. अंगणवाडीच्या पटावरची निम्मी नावं त्या दुपारी गेली.

मग सगळे आले. मंत्री आले, कॅमेरे आले, चादरी आणि बिस्किटं आली. शेवटी पुण्याहून एक भूगर्भशास्त्रज्ञ आला आणि तो मात्र चार दिवस राहिला. त्याने माती चाळली, भेगा मोजल्या, आणि जाताना पत्र्याच्या शेडमध्ये बसून सांगितलं की झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं हा डोंगराचा निरोप असतो. मातीत पाणी शिरलेलं असतं. अशा वेळी वर जायचं नाही, कारण ढासळणारं सगळं तिथूनच येतं. खाली पळायचं नाही, कारण ते आपल्याहून जोरात पळतं. आडवं पळायचं, ओढ्याला बाजूला टाकून, माळावर. माणसं ऐकत होती आणि कुणी मान वर करत नव्हतं. सोपी तर गोष्ट होती. इतकी सोपी की ती आधी ठाऊक नव्हती याचीच चीड यावी.

सगळ्यात जास्त लागली ती तुळसाकाकीला. तिचा मुलगा-सून मुंबईला, नातू साहिल तिच्यापाशी. त्या दिवशी ती खालच्या गोठ्यात गुरं सोडायला गेली आणि पोराला हाताने वरच्या वाटेला लावून दिलं. तिचा मुलगा तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. फोन येतो तो शेजारच्या शेडमध्ये, आई जेवते का एवढं विचारायला. आणि काकी त्या दुपारविषयी तोंडातून अक्षर काढत नाही, पंचनाम्यालाही काढलं नव्हतं.

उज्वलाने मात्र ठरवलं की ही गोष्ट पोरांना सांगायची. मोठी माणसं ऐन वेळी सवयीने वागणार, वाट धरणार ती वरचीच. पण पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यात एकदा 'आडवं' बसलं की ते आज्जीचा पदर ओढून आडवं नेईल, असा तिचा हिशेब होता. तो अगदी चुकीचाही नव्हता. हात धुवायचं गाणं तिने पोरांना शिकवलं आणि वर्षभरात पोरांनी आख्ख्या वाडीला हात धुवायला लावलं होतं.

तिने गोष्ट लिहिली. पोरं, ओढा, मालोजीचं घर, सगळं जसं घडलं तसं, फक्त शेवटी पोरं आडवी पळतात आणि माळावर पोचतात. वहीभर झाली. अंगणवाडीला कधीकाळी आलेल्या पुस्तकांच्या मागच्या पानावर प्रकाशकांचे पत्ते असतात, ते तिने उतरवून घेतले आणि पोलादपूरच्या पोस्टातून रजिस्टर पाठवायला सुरुवात केली. पोस्टातल्या बाईंना आधी वाटलं कोर्टकचेरीचं काही आहे.

प्रकाशक ही जमात मोठी सभ्य. ते नाही म्हणत नाहीत, ते काहीच म्हणत नाहीत. पहिल्या ठिकाणी पाठवलेली गोष्ट सावित्री नदीच्या पात्रात पडल्यासारखी गडप झाली. दुसऱ्यांनी कळवलं की विषय हृदयद्रावक आहे, परंतु बालवाचकांच्या मनावर आघात होऊ शकतो. उज्वलाने ते दोनदा वाचलं. आघात या शब्दावर तिला हसू आलं. तिसऱ्यांनी विचारलं की डोंगर मुलांचा मित्र दाखवता येईल का, तो शेवटी सॉरी म्हणेल का. नवरा सुनील महाडात टेम्पो चालवतो, तो म्हणाला, आता सोड गो. पण ती चिकट बाई. पोषण आहाराच्या तांदळासाठी जिने दर महिन्याला तालुक्याचे उंबरे झिजवले, ती प्रकाशकांना काय बधते.

अखेर पुण्याच्या एका प्रकाशनातून फोन आला. श्रुतिका नावाची संपादक होती, वयाने लहान, पण कामाची पक्की. तिला गोष्ट आवडली होती, आणि तिने ती खरोखर वाचली होती, हे तिच्या प्रश्नांवरून कळत होतं. ती म्हणाली की हे चित्रपुस्तक करू, चित्रं भरपूर, शब्द मोजके. उज्वला तर हेच मागत होती, अक्षर न येणाऱ्या पोरांना दुसरं काय उपयोगी. ती त्या दिवशी शेडच्या पोरांना शिरा करून घालून मोकळी झाली.

मग काटछाट सुरू झाली. वहीची दहा पानं झाली, दहा पानांच्या दहा ओळी झाल्या. श्रुतिका समजावून सांगायची, कधी आवाज चढवायची नाही, आणि तिचं बहुतेक म्हणणं पटायचं. पोरं मरत नाहीत हे कायम राहिलं, ते उज्वलालाही हवंच होतं. पण 'वर नको, खाली नको, आडवं पळा' हे वाक्य काढायचं म्हटल्यावर ती अडली. तेच तर वाक्य होतं. त्या एका वाक्यासाठी तिने हा खटाटोप मांडला होता.

"बाई, ते जाणार नाही, ते चित्रात येणार," श्रुतिका म्हणाली. "चित्रपुस्तकाचा नियमच आहे. जे चित्रात दिसतं, ते शब्दांत सांगायचं नाही. शब्दांत फक्त 'पळा' ठेवू. कुठे पळायचं ते चित्र सांगेल."

उज्वलाने विचारलं, चित्रं कोण काढणार, त्यांच्याशी मला बोलता येईल का. तशी पद्धत नव्हती. चित्रकार दूर दिल्लीला राहत होता आणि लेखकाने चित्रकाराच्या डोक्यावर बसू नये अशी या धंद्यातली शिस्त असते, मधलं सगळं संपादक बघतो. श्रुतिकाने सांगितलं की मी त्यांना सगळं व्यवस्थित कळवते. तिने कळवलंही असेल. पण आडवं म्हणजे काय, हे दिल्लीला बसून पाठीवर सह्याद्री नसलेल्या माणसाला कसं कळावं? त्याने या भागाचे फोटो मागवून बघितले, आणि फोटो म्हटले की महाडच्या पुराचे, दुकानांच्या पाट्यांना लागलेलं पाणी आणि गच्चीवर बसलेली माणसं. त्याने आपल्या परीने नीट अभ्यास केला.

उज्वलाकडे कच्ची चित्रं आली होती. ती फोनवर आली, सुनीलच्या जुन्या फोनच्या तडकलेल्या काचेवर, आणि तीही पेन्सिलीची, फिकट. धावणाऱ्या पोरांचे पाय दिसत होते, एक घर होतं, पावसाच्या रेघा होत्या. शुद्धलेखन तेवढं बघून घ्या असा निरोप होता. तिने ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, एक चूक काढली, तिचा तिला अभिमानही वाटला, आणि चित्रांबद्दल 'छान' असं कळवून टाकलं. रेंज यायला रस्त्यावर उभं राहावं लागायचं आणि पोरांची खिचडी चुलीवर होती. आता कुणाला बोल लावायचा?

मे संपता संपता पुस्तकं आली. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने धर्मादाय म्हणून तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना प्रती दिल्या होत्या. छोटा समारंभ झाला, पर्यवेक्षिकाबाईंनी हार घातला, कुणीतरी फोटो काढला. मुखपृष्ठावर उज्वलाचं नाव होतं, ठसठशीत. सगळ्यांच्या देखत तिने पुस्तक उघडलं.

सुंदर होतं. हिरवा डोंगर, निळा-करडा पाऊस, खाली गढूळ पाण्याचा लोंढा. आणि पोरं हात धरून पळत होती, वर. डोंगराच्या कुशीत एक पक्कं घर, खिडकीत पिवळा उजेड. पुढच्या पानावर सगळी पोरं त्या घरात दाटीवाटीने बसून खिडकीतून खालचं पाणी बघत होती आणि हसत होती. खाली ओळ होती, 'सगळे पोचले.' ती ओळ तिचीच होती.

समोर टाळ्या चालल्या होत्या. ती उभी राहिली, बोलायला तोंड उघडलं, आणि आभार मानून खाली बसली.

संध्याकाळी तिने रस्त्यावर उभं राहून पुण्याला फोन लावला. ऐकता ऐकता श्रुतिकाचा आवाज भरला. ती म्हणाली की माझी चूक, मी विचारायला हवं होतं, पुढच्या आवृत्तीत नक्की बदलू. ती आवृत्ती कधी, तर ही संपल्यावर. तोवर शुद्धिपत्र छापून पाठवू का, असं तिने विचारलं. ज्या पोरांना अजून 'क' येत नाही त्यांच्यासाठी शुद्धिपत्र. उज्वलाला तिच्यावर रागावताही येईना, पोरगी खरंच रडत होती. पर्यवेक्षिकाबाईंना तिने पुस्तकं परत घेण्याविषयी विचारलं, तर त्या म्हणाल्या की साठ्यात नोंद झाली, आता ती सरकारी वस्तू, आणि स्वतःच्याच पुस्तकाला नावं ठेवणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय.

तेव्हा ती पायीच निघाली. पाऊस तोंडावर आला होता. दुपारी अंगणवाडी सुटली की एखादी वाडी गाठायची, तिथल्या सेविकेला सांगायचं, पोरांना समजावायचं. कुशाबाच्या वाडीत पोरं पुस्तकाभोवती गराडा घालूनच बसलेली होती. पानांचे कोपरे मळले होते, इतकं ते त्यांना आवडलं होतं. एरवी एवढ्याने तिचं आयुष्य सार्थकी लागलं असतं. तिने विचारलं, लय पाऊस झाला, ओढा गढूळ झाला, तर कुठं पळायचं? सगळी बोटं डोंगराकडे गेली. तिथेही वर एक स्लॅबचं घर होतं, नवं, गुलाबी रंगाचं.

ती म्हणाली, वर नाय पळायचं, आडवं पळायचं, त्या माळावर. पोरांनी माना डोलावल्या. तिने पुन्हा विचारलं, आणि बोटं पुन्हा डोंगराकडे गेली. पुस्तकात चूक झालीय म्हणून तिने सांगून बघितलं. एका मुलीने पुस्तक आणून तिच्यापुढे धरलं आणि ते घर दाखवलं. घर जागच्या जागी होतं, पोरं हसत होती. बाई तोंडाने बोलत होत्या, चित्र समोर दिसत होतं. पोरांनी कशावर विश्वास ठेवावा? चित्रांवर विश्वास ठेवायला तर तिनेच आजवर पोरांना शिकवलं होतं.

शेडवर परतल्यावर ती तुळसाकाकीकडे गेली. काकीने समारंभात मिळालेली एक प्रत आणली होती. ती देवाच्या फोटोशेजारी ठेवलेली होती, हळदीकुंकवाचं बोट लावून. काकीला वाचता येत नाही, पण त्यात वाचायला होतंच काय. खिडकीतल्या पोरांत डावीकडून दुसरा, पुढचे दात पडलेला, तो साहिल असं तिने ठरवलं होतं. ती ते पान उघडून बसायची. एवढ्या दिवसांत तिला कुणी हसताना बघितलं नव्हतं, त्या पानासमोर मात्र तिचा चेहरा सैल पडायचा.

"ह्यात वाचली गो सगळी," ती उज्वलाला म्हणाली. "बरं केलंस."

असू दे म्हणावं आणि उठावं, असं उज्वलाला फार वाटलं. म्हातारीला आयुष्यात मिळालेलं हे एवढंच, आणि तेही आपल्याच हाताने काढून घ्यायचं हे तिच्या जिवावर आलं. पण बाहेर ढग दाटले होते आणि गुलाबी घर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिने सांगितलं. पुस्तक चुकलंय, पोरं ते बघून वर जातील, माझं ऐकत नाहीत, तू चल, तू सांगितलंस तर ऐकतील. काकीने पुस्तक मिटलं आणि पोटाशी धरलं.

"तुझ्याकडं पुस्तकं लय हायत," ती म्हणाली. "माझ्याकडं हे येवढंच हाय."

उज्वला उठली आणि आपल्या शेडमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटली तेव्हा काकी बाहेर उभी होती, धुवट लुगडं नेसून, काखेत पिशवी. दोघी चालत निघाल्या. वाटेत भुरभुर लागली. काकीने आपलं डोकं उघडं ठेवलं आणि पदर पिशवीवर घेतला.

कुशाबाच्या वाडीत पोरं गोल करून बसली. उज्वलाने सांगितलं की ही उंबरकोंडची आजी. काकी भिंतीला टेकून खाली बसली. तिने पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं, आणि डावीकडून दुसऱ्या पोरावर बोट ठेवलं. उज्वला दारापाशी उभी राहिली, तिला जवळ जायचं धाडस झालं नाही.

"ह्यो माझा साहिल," काकी म्हणाली. "हितं जाऊन बसला. मीच म्हनलं, वर जा रे बाबा. मागनं डोंगर आला. घर नेलं, ह्यालाबी नेला. ही सगळी नेली." तिने एकेका पोरावरून बोट फिरवलं, खिडकीतलं एकही पोर सोडलं नाही.

पोरं वाकून चित्राकडे बघत होती. सगळ्यात पुढे बसलेल्या मुलीने, आदल्या दिवशी उज्वलापुढे पुस्तक धरलं होतं तीच ती, साहिलच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आजी, मंग ह्यो हसतो कशाला?"

काकीने मान खाली घालून पुन्हा त्या पोराकडे बघितलं.

"त्याला अजून ठावं नाय," ती म्हणाली.